मामांच्या छातीतली गाठ

जेवणाच्या सुट्टीत आमच्या गेणबामामांचा फोन आला नाही, असा दिवस मला आठवत नाही. मी बारामती एमआयडीसीत एका दूध डेअरीत पॅकिंगला आहे. हात धुऊन डबा उघडला की खिशातला फोन वाजणार हे ठरलेलं.

"जेवलास का?"

"जेवतोय, मामा."

"बरं."

एवढं बोलून फोन बंद. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला हा प्रश्न रोज विचारायचा म्हणजे काय? बरोबरची माणसं मला 'जेवलास का' म्हणूनच हाक मारायला लागली होती. एकदा वैतागून मी मामांना म्हणालो, "एक दिवस फोन नाही केला तर मी काय उपाशी मरणाराय?" ते म्हणाले, "तसं न्हाय रं. पण इचारायला लागतं." कुणाला लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मामांना खोदून विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणून मीही ते तिथंच सोडलं.

मामा डाळजला राहतात, भिगवणच्या पुढे. एका अंगाला सोलापूर रस्ता, दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी आणि मधे आमचा ऊस. पूर्वी आमची मेंढरं होती. वर्षातले आठ महिने पायाखाली वाट असायची. मग पाणी आलं, ऊस आला, कारखान्याचं सभासदत्व आलं, आणि छकुलीच्या, म्हणजे माझ्या पोरीच्या जन्माआधी शेवटचा मेंढाही विकला. मेंढरं गेली, पण मामांचा डाग काही गेला नाही.

डाग म्हणजे तापलेल्या सळईचा चटका. मेंढराला सूज आली, पाय धरला, गाठ आली की डाग द्यायची आमच्यात रीतच आहे, आणि मेंढराला गुण येतो म्हटल्यावर माणसानं मागं का राहायचं? कावीळ, पोटदुखी, कंबरदुखी, कशालाही इंदापूर तालुक्यातून लोक मामांकडे येत. पुण्याला जाऊन एमआरआय काढलेला माणूस तो मोठा लिफाफा काखेत धरून आमच्या अंगणात उघडा बसलेला मी पाहिला आहे. माझं डोकं फिरायचं. मी भांडायचो. मामा सळई शेणीच्या निखाऱ्यात फिरवत शांतपणे ऐकून घेत आणि नेमका टेकवायचा तिथं टेकवत. त्यांचा हात कधी चुकला नाही असं लोक सांगतात. बाईमाणसाला मात्र ते डाग देत नसत. कुणी बायको घेऊन आला तर हात जोडून परत पाठवत. आम्ही त्याला मामांची मर्यादा समजत होतो.

मला त्यांनीच वाढवलं. माझी आई सारजा, मामांची धाकटी बहीण, मी जेमतेम शाळेत जायच्या वयाचा असताना वारली. कावीळ झाली होती, असं मला सांगितलेलं. वडलांनी लवकरच दुसरं घर केलं आणि मी मामांकडे आलो. मामीला, द्वारकाबाईला, मूलबाळ नव्हतं. तिनं मला काही कमी पडू दिलं नाही. त्या घरात फक्त एक गोष्ट नव्हती. आईचं नाव कुणी घेत नसे. तिचा फोटो नव्हता, तिची तिथी होत नव्हती, आणि मामा मोरगावच्या रस्त्यानं कधी जात नसत. पुण्याला जायचं तर पाटसवरून. गणपतीला जाऊन येऊ म्हटलं की त्यांना हटकून काहीतरी काम निघायचं.

आणखी एक होतं, ते लहानपणी मला फार भिववायचं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मामा एकटेच उसाच्या बांधावर जाऊन बसत. समोर कुणी नसे. मामा मान हलवत, मधेच दोन शब्द बोलत, पुन्हा ऐकत. मग उठून कामाला लागत. मी मामीला विचारलं तर ती म्हणायची, "त्या टायमाला तिकडं जाऊ नगं." पुढं छकुलीनंही तेच विचारलं, "आजोबा कुणाशी बोलतात?" मी तिला म्हणालो, फोनवर बोलत असतील. फोन तेव्हा घरात चार्जिंगला लावलेला होता. पोरगी हुशार आहे, तिनं परत विचारलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर मी डाळजला गेलो तर मामा मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी टॉवेल छातीशी धरला. सगळं आयुष्य उघड्या अंगानं काढलेला माणूस टॉवेल कशाला धरतोय? मी सरळ जाऊन तो ओढला. डाव्या बाजूला, बोंडाच्या जरा बाहेर, दोन ताजे काळे डाग होते. त्याखाली सुपारीएवढी गाठ वर आलेली. बोंड आत ओढलं गेलेलं.

"हे काय मामा?"

"मेंढ्यानं धडक मारली व्हती."

"मेंढा विकून किती वर्षं झाली?"

"जुनी हाय धडक."

"आन् डाग कुणी दिला?"

"मीच. आरसा धरून."

मी नको नको ते बोललो. तापलेली सळई स्वतःच्या छातीला लावणाऱ्या माणसाला काय बोलायचं असतं ते मला आजही माहीत नाही. मामीनं सांगितलं की गाठ दिवाळीपासून आहे, दुखत नाही, म्हणून ते कुणाला बोलू देत नाहीत.

भिगवणच्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, काखेत बोटं घातली आणि ते एकदम कमी बोलायला लागले. बारामतीला जाऊन मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करा म्हणाले. मॅमोग्राफी म्हणजे काय ते मामांना कळल्यावर ते म्हणाले, "ती मिशन बायांची हाय. मी न्हाय जायचा." मामीनं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दोघं एसटीनं बारामतीला उतरली.

दवाखान्यात त्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या बायकाच. त्यांच्यात मधोमध पटका बांधलेले, मिशा असलेले मामा बसले. एक बाई जरा सरकली, दुसरीनं पदर तोंडाला लावला. आतून मुलगी आली, तिनं कागद पाहिला, मामीच्या हातात निळा झगा दिला आणि म्हणाली, "आजी, वरचे कपडे काढून हा घाला."

मामी म्हणाली, "माजं न्हाय बाई. ह्यांचं हाय."

त्या मुलीनं एकदा कागदाकडे, एकदा मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

मॅमोग्राफीच्या यंत्रात छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात. मामांच्या छातीवर दाबण्यासारखं फारसं काही नाही, त्यामुळे त्यांना यंत्राला मिठी मारल्यासारखं उभं केलं, पुढं ढकललं, खांदा मागं ओढला. बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते. मग सोनोग्राफी. बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर मामा एकटे आत जाईनात. म्हणून मी आणि मामी दोघंही आत गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी छातीवर थंड मलम लावलं आणि हातातलं यंत्र डागांच्या कडेनं फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर करडं धुकं हललं. आधी निप्पलच्या मागं पाहिलं, मग बाहेरच्या अंगाला सरकल्या आणि तिथंच थांबल्या.

"हे भाजलंय कशानं?"

"डाग दिलाय," मी म्हणालो. "त्यांनीच."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, पुरुषांच्या छातीतसुद्धा थोडी ग्रंथी असते. वयानं, गोळ्यांनी ती वाढते. तशी असली तर ती निप्पलच्या बरोबर मागं असते आणि घाबरायचं काही कारण नसतं. ही गाठ बाजूला आहे. कडा सरळ नाहीत. पण तुमच्या डागाचा व्रण मधे आलाय आणि व्रणाचीही अशीच सावली पडू शकते. सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही." मग त्यांनी पडदा मामांकडे वळवला. "बघा. ही गाठ."

करड्या धुक्यात काळा डबक्यासारखा डाग होता. त्याला बारीक पाय फुटले होते. मामा उताणे पडल्या पडल्या मान वळवून बघत राहिले. इतका वेळ, की बाईंनी यंत्र तिथंच धरून ठेवलं.

"आशी व्हती व्हय ती," मामा म्हणाले.

बाईंना वाटलं ते स्वतःच्याच गाठीबद्दल बोलतायत. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास झाला होता? आई, बहीण, मावशी?"

मामी मला म्हणाली, "दादासो, तू बाहीर जा बरं जरा."

मी गेलो नाही. मामी असं कधी सांगत नाही, म्हणून गेलो नाही.

"झाला असेल तर सांगा," बाई म्हणाल्या. "घरातल्या बाकीच्यांसाठी ते माहीत असणं महत्त्वाचं असतं."

"सारजाला," मामा पडद्याकडेच बघत म्हणाले. "माज्या भनीला. ह्याच्या आईला. ह्याच जागंला."

"तिला कावीळ झाली होती," मी म्हणालो.

"गावाला तसं सांगितलं. कावीळ म्हणलं की डागाचं कुणी इचारत न्हाय." मामांचा आवाज वर चढला नाही की खाली आला नाही. "नवऱ्याला सांगायची तिला लाज वाटली. माज्याकडं आली. आमी मेंढरं घेऊन कोकणात निगालो व्हतो. म्हणली, दादा, मेंढराला देतूस तसा एक डाग दे, गाठ बसंल. भनीच्या छातीकडं कसं बगायचं? तिनं तोंड तिकडं केलं. मी डोळं मिटलं आन् सळई टेकवली. दोनदा. कुठं टेकवली मला ठावं न्हाय. मेंढराचा डाग मी कवा चुकवला न्हाय. तिचा बगितलाच न्हाय."

खोलीत यंत्राचा बारीक आवाज येत होता. मामी जमिनीकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, म्हणजे आमच्या घरात माझ्या आईला काय झालं होतं हे न कळलेला मीच एकटा होतो.

"थोडी बसली म्हणं गाठ," मामा म्हणाले. "आमाला वाटलं गुण आला. म्हणून कुणाला दावली न्हाय. लेकराला घिऊन आमच्या संगंच ऱ्हायली. येताना जखम उघडली. मोरगावच्या अलीकडं, माळावर गेली." मग त्यांनी पहिल्यांदाच बाईंकडे तोंड वळवलं. "तवा ही मिशन व्हती का?"

"बारामतीत नव्हती," बाई म्हणाल्या. "पुण्यामुंबईला होती."

"म्हंजी व्हती," मामा म्हणाले.

त्यांनी छातीवरचं मलम बंडीनंच पुसलं, उठून बसले आणि पायात वहाणा घातल्या. सुई घ्यायची नाही म्हणाले. बाईंनी समजावलं, पाच मिनिटांचं काम आहे, जागा बधिर करतो, लवकर कळलं तर ऑपरेशननं बरं होता येतं. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, तुमचं सगळं खरं हाय. पर तिला जे दिलं न्हाय ते मी कसं घिऊ? ही तिचीच हाय. तिनं माज्यापाशी ठिवली. मी घिऊन जातो." आणि बाहेर चालू लागले.

मी त्यांच्या मागं गेलो नाही. मी जिन्यानं खाली उतरलो आणि गाड्या लावतात तिथं जाऊन उभा राहिलो. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. ज्यानं मला खांद्यावर बसवून वाढवलं त्यानंच माझ्या आईला सळई लावली आणि मग जन्मभर माझ्या तोंडासमोर गप्प राहिला. माझ्या मनात आलं, जाऊ द्या. घेऊन जायची असेल तर घेऊन जाऊ द्या. हे मनात आलं, ते मी लपवत नाही.

मामी मला शोधत खाली आली. ती रडत नव्हती. शेजारी उभी राहून म्हणाली, "तुला ठावं हाय का त्ये रोज फोन का करत्यात?"

मी तिच्याकडे वळलो.

"माळावर सारजाचा जीव जात न्हवता. सारकं येकच. लेकरू जेवलं का, लेकरू जेवलं का. तू तिकडं दगडावर बसून भाकर खात व्हतास. ह्यांनी सांगितलं, जेवतंय, मंग गेली. आन् तवापास्नं रोज दुपारी येती म्हणं. बांधावर हुबी ऱ्हाती. दुसरं काय बोलत न्हाय. डागाचं बोलत न्हाय, दुखतंय म्हणत न्हाय. त्येच इचारती. ह्यांनी सांगितल्याबिगर जात न्हाय." मामीनं पदर नीट केला. "तू गावात व्हतास तवर आसंच कळायचं. बारामतीला आलास तसं फोन घ्यायला लावला त्येंनी."

माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात, लोकांच्या मोटारसायकली काढायच्या-लावायच्या गडबडीत. इतकी वर्षं मी डब्याचं झाकण उघडताना वैतागून जे उत्तर देत होतो, ते कुणाकडे पोचत होतं?

वर आलो तर मामा जिन्याच्या तोंडाशी पिशवी काखेत धरून उभे होते. दुपार झाली होती. मला पाहिल्यावर त्यांचे ओठ हलले, आणि ते काय विचारणार हे मला कळलं.

"आज सांगणार न्हाय," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे तिला हुबी."

मामांचा चेहरा पडला. मी उभ्या आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. "आसं करू नगं, दादासो. ती जात न्हाय मग."

"आन् तू गेलास की?" मी म्हणालो. मामांना मी जन्मात पहिल्यांदा अरेतुरे केलं. "ती येणार. बांधावर हुबी ऱ्हाणार. तू नसणार. मंग तिनं कुणाला इचारायचं? मला ती दिसत न्हाय. मामीला दिसत न्हाय. कोण सांगणार तिला मी जेवलो का?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग मामांनी पिशवी मामीकडे दिली, पटका काढून तिच्या हातात ठेवला आणि वळून त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत शिरायच्या आधी मागे वळले. मी म्हणालो, "जेवलोय." खोटंच होतं ते.

सुईनं काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता. पण काखेत फार पसरला नव्हता. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली. मामा सध्या रोज एक गोळी घेतात आणि तपासणीला जातात. डॉक्टरांनी मलाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं, आईकडून आलेलं असू शकतं, आणि पुढं छकुलीचा प्रश्न आहे. मी दिलंय. त्याचं अजून कळायचं आहे.

राग मात्र तसाच होता. मी तो बाजूला ठेवला होता, टाकला नव्हता. माणूस दवाखान्यात असताना त्याच्याशी भांडता येत नाही. टाके निघाले, मामा जेवायखायला लागले, तसा मी एका रविवारी ठरवून डाळजला गेलो. सुकन्या, माझी बायको, बरोबर येते म्हणत होती, तिला नको म्हणालो. काय काय बोलायचं ते मी वाटेत गाडीवर जुळवत होतो. लपवलंत का. मला मोठा झाल्यावर तरी का नाही सांगितलंत. डोळे मिटायचे होते तर सळई का उचललीत.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मामा अंगणात उघडे बसले होते. छातीवर आडवी शिवण होती. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं मी कशाला आलोय. त्यांनी मामीला आत जायला सांगितलं आणि मांडी नीट घालून बसले.

"बोल," म्हणाले. "मी ऐकतो."

मी समोर बसलो. तोंड उघडलं. "आईला तुमी," म्हणालो, आणि थांबलो. त्या अंगणात 'आई' हा शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. लहानपणी कुणी अडवलं होतं असं नाही, पण हाक मारायला समोर कुणी नव्हतं, आणि नंतर तो तोंडात बसलाच नाही. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेवढाच शब्द आला.

मामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. ते माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्यावरून मागं, बांधाकडं बघत होते.

"आजून येकदा म्हण," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."